अप्पांचा अंगठा

कुंभकोणम्, मंगळवार संध्याकाळ

काहीतरी काळंबेरं आहे. अप्पांना दारावरची घंटा ऐकू येत नाही आणि आजच्या तपासणीत म्हणे कान ठीक! आता सरकारी विम्यातून श्रवणयंत्र मिळायचं नाही. वर तपासणाऱ्या बाईने समोरच्या, तीच यंत्रं विकणाऱ्या दुकानाचं कार्ड हातात ठेवलं. दोघांचं साटंलोटं नसेल कशावरून?

पण तपासणीच्या खोलीबाहेरून मी काचेतून बघत होते. आवाज आला की बटण दाबायचं, आणि अप्पांचा अंगठा एकदाही अडखळला नाही. मग घरातच ऐकू येत नाही? माझेच वडील माझ्यापुढे सोंग करतात?

मघाशी ते टीव्हीवर भजन बघत होते. जन्मभर मठात टाळ वाजवलेले. अंगठा गुडघ्यावर ठेका धरून होता. मी हळूच मागे जाऊन टीव्हीचा आवाज पार बंद केला.

अंगठा चालूच. तसाच, सकाळी बटणावर चालला होता तसा. म्हणजे तिथेही ठेकाच धरला होता! त्या बाईला हे कळलं नाही, की कळूनही गप्प बसली?

तेवढ्यात मान डोलावत अप्पा म्हणाले, "आज काय सुरेख गातायत गं!"