हेडर बसवू नकोस

पारगाव

प्रिय मच्छिंद्र,

परवा गाडीखालून बाहेर आलास, हात पुसलेस आणि विचारलंस, ताई, हेडर बसवू का? मी नुसती हसले. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू इंजिनावर येतोस आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहिते आहे.

अंगणवाडीच्या कामासाठी घोडेगावला पंचायत समितीत गेले होते, तेव्हा स्टँडमागच्या संपतला विचारलं. तुझी गाडी तोच बघतो. आधी तो मलाच हसला. "हिराताई, तुमी कवापासनं शर्यतीत उतरला?" मग नीट सांगितलं. इंजिनातला धूर ज्या पहिल्या नळ्यांतून बाहेर पडतो, त्या काढून मोकळ्या नळ्या बसवायच्या. त्याला हेडर म्हणतात. धूर मोकळा सुटला की गाडी पळते, पण ती आधीच जोरात असली तर. "रोजच्या गाडीला ते काय करायचंय? खालच्या गिअरात वढायची न्हाई. आवाज लई. पीयूसीत नापास. मच्छिंद्रभाऊला सांगा, कंपनीनं दिलंय त्येच बरंय."

हे तुला माहीत आहे. चाकणला दिवसभर तू गाड्याच जोडतोस. तरी विचारलंस.

आपला मंचरचा रस्ता आठव. कारखाना सुरू आहे. पुढं उसाची ट्रॉली, तिला जोडलेली आणखी एक, आणि ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं लावलेली गाणी. मागल्या खेपेला तू हॉर्न सोडतच नव्हतास, तेव्हा एकानं वळून विचारलं, "काय भाऊ, लगीन चुकतंय का?" तू काच वर केलीस. मी मागच्या सीटवर आडवी होते. मला हसू आलं. तुझी मान लाल झाली होती. त्या ट्रॉलीमागं कुठली नळी काय करणार? आणि पोचलो लवकर, तरी दवाखान्यातलं मशीन आपल्याच वेळेनं रक्त धुतं.

आण्णांना घाई नसायची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरताना एखादी मेंढी बसली की ते तिला घोड्यावर घालायचे. पुन्हा बसली की पुन्हा. तिनं चारा सोडला की मात्र वाटेतल्या ओळखीच्या घरी ठेवून पुढं चालू लागायचे. मागं बघायचे नाहीत. तू रडायचास, तिच्या गळ्यातली दोरी सोडायचा नाहीस. आण्णा म्हणायचे, "सोड रं. तिला चालवतोयस का स्वतःला?" आई एवढंच विचारायची, "कुणाच्या दारात ठिवली?" घराचं नाव कळलं की ती पुन्हा चुलीकडं वळायची.

तुझी किडनी मला चालणार नाही असं कळलं, त्याच आठवड्यात तू गाडीचे टायर बदललेस. मग दिवे. मग मला हिसका बसू नये म्हणून सीटवर गादी शिवून घेतलीस. डॉक्टरांना तू एकच विचारलं होतंस, "सख्खा भाऊ आहे मी. परत तपासून बघता का?" ते नाही म्हणाले. बाहेर येऊन तू बॉनेट उघडलंस आणि बराच वेळ आत बघत उभा राहिलास. बिघाड काही नव्हता. मी पायरीवर बसून तुझी पाठ बघत होते. तू काही चुकीचं करतोयस असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. तुझ्या हातांना काही तरी लागतं.

मागल्या खेपेला तू ऑइल बघायला खाली गेलास, तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. मशीन लावलं की माझं बीपी खाली जातं आणि मध्येच थांबवावं लागतं, हे तू पाहिलं आहेस. हृदय थकलं आहे, असं ते म्हणाले. यापुढं मशीनवर कधीही काही होऊ शकतं. थांबवलं तर थोडे दिवस. आणखी उपाय आहे का, असं मी विचारलं नाही. असता तर त्यांनी खुर्ची ओढली नसती. घरी राहायचं, असं मी ठरवलं आहे. तेव्हा सोमवारी गाडी आणू नकोस. एसटीनं ये, रजा टाकून ये. आईला यातलं काही माहीत नाही. सोमवारी ती उठून माझा डबा करील, गोधडी घडी घालून दाराशी ठेवील आणि तुझी वाट बघत ओट्यावर बसेल. तिला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला. माझ्याच्यानं होत नाही. आलास की आधी ओट्यावर तिच्याजवळ बस आणि तिला सांग. मग आत ये.

तुझीच,
हिराताई