सहावं नाव

१० ऑगस्ट, रविवार
पळसाच्या बनात दिवसभर पत्रावळी लावल्या. बचत गटाच्या अकरा जणी, मी धरून. रामाकोना गावच्या भंडाऱ्याची, म्हणजे गावजेवणाची ऑर्डर. हा पैसा अन् गावोगावची वर्गणी मिळून बन विकत घ्यायचं, नाहीतर मालक लेआउट पाडून राहिला. मोहाच्या झाडाखाली बसल्या बसल्या कौसल्याकाकू (गटाच्या अध्यक्ष, अक्षर येत नाही, जीभ मात्र विळ्यासारखी) म्हणाल्या, "शिकलेली बाई संग हाय म्हणून हिंमत हाय आमाले." मान वर झाली नाही. त्या मोहासकट एक प्लॉट माह्या नावानं बुक आहे. ह्यांनी गट निघायच्या आधी केला. सही माझीच. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर…

१२ ऑगस्ट, मंगळवार
मालक बन गटाला विकायला तयार. अट एकच: बुक करणाऱ्या सहाही जणांनी नावं मागं घ्यावी. त्याच्या मुनीमानं यादी दिली. काकू म्हणाल्या, "वाचा, बाई."
पाच वाचली. चौथ्या ओळीवर मी होते. ती सोडली.
काकू बोटं मोजून, "सहा म्हणे ना थो?"
"एक पुसट आहे, लागत नाही." अन् कागद घडी करून त्यांनाच परत दिला.
शाळेत पोरांना रोज ओरडते, ओळ सोडू नका म्हणून.

१७ ऑगस्ट, रविवार
तिघांनी नावं मागं घेतली. त्यातल्या सौंसरच्या कापडवाल्यानं तर वर वर्गणीही दिली. उरलेले दोघं म्हणतात, सहावा हटला की आम्ही हटतो. बायका सहाव्याच्या नावानं खडे फोडून राहिल्या. "मुडदा बशिवला त्याचा!" साऱ्या हसल्या. मीही हसले. थू माह्या जिंदगीवर.
ह्यांना म्हटलं, कॅन्सल करू. तर, "चूप राह्य. कोनाले मालूम हाय?" कॅन्सलला सही माझी लागते, ह्यांची नाही. तरी चूप राहिले.

२२ ऑगस्ट, पोळा
साऱ्यांनी बनातून पळसाची फांदी आणून दाराशी लावली. माझा हात झाला नाही तोडायला. शेजारीण: "काऊन वं, दार बोडकं?" म्हटलं, विसरले.

२३ ऑगस्ट, पोळ्याची कर
सकाळी साऱ्या जणी दारच्या फांद्या गावाबाहेर फेकायला निघाल्या. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" कोणीतरी जोडलं, "त्या सहाव्यालेबी घेऊन जा गे!" मी दाराआड उभी.

दुपारी काकू आल्या, एकट्याच. चहा घेतला. मग कनवटीची यादी काढली.
"सुनेनं वाचली. त्याच दिशी. मी तिले म्हटलं, बाईनं पाच वाचले ना, मंग पाचच."
म्हणजे अकरा दिवस ही बाई माह्या मांडीला मांडी लावून पत्रावळी लावत होती. त्या शिव्या ऐकत होती.
उठता उठता म्हणाल्या, "उद्या मुनीम येते. साऱ्या जणी राह्यतीन. तू वाचशील, का सुनेले बोलावू?"
आजवर मले 'तुम्ही' म्हणत होत्या.

काकू ठेवून गेल्या तो कागद टेबलावर आहे. हे दोनदा विचारून गेले, कशाचा म्हणून. चौथी ओळ जराही पुसट नाही.