नीरफणसाचा खड्डा

एमाए बेट, ९ मार्च

प्रिय काल्तोंगा,

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तूही असशील. मनोरा पडल्यामुळे फोन बंद आहे, म्हणून हे पत्र बोटीवरच्या माणसाकडे देते आहे. लेतोआ म्हणते, मामा न्यूझीलंडात सफरचंदं खातो आणि आम्हाला नुसते फोटो पाठवतो. बाबांबद्दल पुढे लिहिते.

वादळं दोन झाली. तीन दिवसांत दोन. पहिल्यात छप्पर गेलं, माणसं वाचली. वारा थांबल्यावर रीतीप्रमाणे अडीअडचणीसाठी पुरून आंबवलेल्या नीरफणसाचा आपला खड्डा उघडायचा होता. आजोबांच्या उभ्या हयातीत तो चारदा उघडला. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तेवढ्यात हा सहाव्यांदा.

बाबा म्हणाले, "लेइवी, अर्धा झाकून ठेव. हल्ली वारा गेला असं वाटतं, पण जात नाही."

मी म्हटलं, "खड्डा पुरता उघडायचा, गावाला वाटायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना? लोक म्हणतील, घरात लपवून खातात."

"म्हणू देत. पोट भरलं की विसरतील."

मी ऐकलं नाही. सगळा वाटला. लोकांनी तोंडभर कौतुक केलं, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पडलेली फळं गोळा करून खड्डा लगेच पुन्हा भरला, पण ती आंबायला महिने लागतात. तिसऱ्या दिवशी दुसरं वादळ आलं आणि समुद्र खड्ड्यात शिरला. सगळं नासलं. मळेही खारट झाले.

चार दिवस पोरांनी शहाळ्यांवर काढले. पाचव्या दिवशी बाबा रानकंद खणायला डोंगरावर निघाले. मी अडवलं, तर हसून म्हणाले, "तुझ्या हातचं आंबट खाऊन कंटाळलोय." मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपारी दरड कोसळली. बाबा दुसऱ्या दिवशी सापडले. टोपलीत सात कंद होते. आईच्या कबरीशेजारी त्यांना जागा दिली. कंद मी शिजवले, पोरांनी खाल्ले.

तू आत्ता येऊ नकोस. तुझ्या पगाराच्या पैशांतून आज बोटीने तांदूळ आला, आता त्यावरच सगळे आहोत. नीरफणसाचं एकही झाड उभं नाही, खड्डा रिकामा आहे, आणि दोन्ही वादळांआधी लागलं होतं तसं आज पुन्हा समुद्राचं पाणी पायाला कोमट लागलं. माझ्यावर रागाव, पण पत्र लिही.

बाबांचं न ऐकणारी,
तुझी ताई लेइवी