पगाराच्या दिवसाची पिशवी

प्रिय व्यवस्थापकसाहेब,

दचकू नकोस, आईच लिहितेय. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि समोर बसून बोलले तर माझा आवाज चढतो नि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून कागद. यात चुका शोधत बसू नकोस. तुझ्या त्याच छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून मी पोट भरलंय.

काल बांधणीखात्यातल्या मावशी आल्या होत्या. आत या म्हटलं तर येईनात. दारातूनच म्हणाल्या, ताई, तुमच्या लेकानं मला भिंतीवर टांगलं. तू कामगार मदतनिधीच्या देणगीदारांची यादी सूचनाफलकावर लावलीस, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत. सगळ्यांत वर तू, तळाला त्या. कुणीतरी दात काढत विचारलं म्हणे, मावशी, एवढ्यात एक चहा तरी येतो का? तेव्हापासून बाई यंत्राआड बसून डबा खातात, आणि या महिन्यापासून देणं बंद. अरे, कॉन्व्हेंटात सिस्टर मला बडबड्या मुलींची नावं फळ्यावर लिहायला लावायच्या. नाव चढलं की माणसाचं तोंड कसं होतं, ते मला सातव्या वर्षी कळलं. तुला चाळिशीतही कळू नये?

व्यवहार पारदर्शक हवा, असं तू म्हणशील. भाषणात छान वाटतं ते. पण जी पिशवी तू गबाळी म्हणून अडगळीत फेकलीस, ती नीट पाहिलीस का कधी? बांधणीच्या जाड कापडाची, तोंड मनगट जाईल एवढंच. पगाराच्या दिवशी ती सगळ्या खात्यांतून फिरायची. प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची, मोकळी करून बाहेर काढायची. मुठीत किती होतं, मुळात काही होतं का, हे विचारायचं नाही. मग आठ दिवस ती कागदाच्या कोठारात दाराआड टांगलेली. ज्याला नड असेल त्यानं एकट्यानं जाऊन घ्यायचं. उरेल ते सरकारी इस्पितळात औषधांना. चोरी झाली नसेल असं मी म्हणत नाही. पण विडी-सुपारीतून वाचवलेल्या त्या चिल्लरीवर कुणाकुणाचं काय निभावलं, ते विचारशील तर सांगता येणार नाही. कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं म्हणून तर घेणाराही दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं कामावर यायचा.

आता मोठ्या यंत्रावरच्या आपल्या म्हाताऱ्या कारागिराचं ऐक. त्याच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. कमी पडणारे थोडे पैसे गुरुवारी भरायचे, नाहीतर तारीख गेली, आणि पुढची तारीख त्या पोरीला झेपेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तुझा तो नवा छापील अर्ज त्यानं दोनदा उचलला आणि दोनदा परत ठेवला. नाव, उत्पन्न, मदतीचं कारण, दोन साक्षीदार! पोलीसचौकी आहे का ती? मी पेन्शनमधून देऊ केले, तर हात जोडून म्हणाला, ताई, तुम्ही रोज रस्त्यात भेटता. मग तो अर्ज मीच घेऊन घरी आले.

पगार उद्या, बुधवारी. म्हणजे वेळ एका दिवसाचा आहे.

सोबत तुझाच अर्ज मी भरून जोडलाय. अर्जदार मी. साल, तू तिसरीत होतास ते. कारण, नवऱ्याची फुप्फुसं. चौदा महिने मी त्या कोठारात जात होते. इंजेक्शनं विम्यातून आली असं तुला मीच सांगितलं, कारण तुझ्या बाबांनाही तेच सांगितलं होतं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. तुला पोहायला शिकवलं, कॉलेजात सोडायला आले, ते सगळं त्या अकरा वर्षांतलं. पाहुण्यांसमोर तू म्हणतोस ना, आमच्या घरानं कधी कुणापुढे हात पसरला नाही? खरं आहे. पसरावा लागला नाही. उद्या पिशवी फिरव, नाहीतर हा अर्ज त्या यादीशेजारी लाव. दोन्हीपैकी काय केलंस, ते बघायला मी साडेदहाला येतेय.

तुझीच, आणि तुझ्यावर भयंकर चिडलेली,
आई