जानेवारी ते एप्रिल मी कुठेच नव्हतो

ती. हाल्डोरा आत्यास,

बाल्डरचा विनिपेगहून सादर नमस्कार. तुझं खुब्याचं हाड जुळलं असेल आणि तू तळ्यावर मासे धरायला जाऊ लागली असशील (डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्या अर्थी नक्कीच). मी खुशाल आहे. माझं हिवाळी सत्र मात्र नाही.

जानेवारीत तू पडलीस (चर्चच्या पायरीवर की छपरावरचा बर्फ ओढताना, हा वाद पुन्हा नको), तेव्हा मी दोन दिवसांसाठी आलो आणि नऊ आठवडे राहिलो. परिणामी रसायनशास्त्रात नापास, शरीररचनेत नापास, संख्याशास्त्रात काठावर आणि वृद्धशुश्रूषेत चक्क ए प्लस. (त्यातला निबंध ‘हट्टी रुग्ण’ या विषयावर होता. नाव बदललं होतं.) या गुणपत्रिकेवर नर्सिंगच्या प्रवेशाचं सोडच, ते मला रुग्ण म्हणूनसुद्धा आत घेणार नाहीत.

नोंदणी कार्यालयातल्या मिसेस दुशार्म म्हणाल्या, की कारण सबळ असेल तर आख्खं सत्र गुणपत्रिकेवरून काढून टाकता येतं. मी विचारलं, तेवढं ए प्लस ठेवाल का? त्या म्हणाल्या, “बाळा, हे सत्र आहे. आवडेल तेवढं ताटात वाढून घ्यायला जेवणावळ नाही.”

“मग जानेवारी ते एप्रिल मी होतो कुठे?”

“कागदोपत्री? कुठेच नव्हतास.”

मग तीन प्राध्यापकांच्या समितीपुढे उभा राहिलो. तुला आंघोळ घालणं, लापशी करणं, ती खारट झाली म्हणून बोलणी खाणं, सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, आत्याबाईंनी बोलावलं होतं का? खोटं कसं बोलू? म्हटलं, नाही, रोज ‘जा परत’ म्हणायच्या. त्यांनी लिहून घेतलं : स्वेच्छेने गैरहजर. तू ‘जा’ म्हणताना माझी बाही धरून ठेवायचीस, हे मात्र सांगावंसं वाटलं नाही. ते आपल्या दोघांतलं.

शेजारच्या सिग्रिडकाकूंना नमस्कार.

तुझा,
बाल्डर

ता. क. : समितीला तुझ्या सहीचं पत्र हवं आहे, की तुला माझी गरज होती. तू सगळ्या गावाला ‘एकटीनं निभावलं’ म्हणून सांगितलंस हे मला ठाऊक आहे, म्हणून मजकूर मीच लिहून सोबत पाठवतो आहे. ‘स्वयंपाक उत्तम करतो’ हे वाक्य खोडलंस तरी चालेल. शुक्रवारच्या आत पोचायला हवं.

ता. क. २ : गावात कुणाला कळणार नाही. मिसेस दुशार्म म्हणाल्या, की अर्जाचा निकाल लागला की सोबतचे कागद फाडून टाकतात. म्हणजे मी नापास झाल्याचा पुरावा उरणार नाही, आणि तुला कुणाची गरज पडल्याचाही नाही.

ता. क. ३ : तुझ्या सहीच्या पत्राची एक प्रत मी ठेवून घेणार आहे.