पहिल्या महायुद्धाची कारणं

ताई,

तुम्ही दवाखान्यातली ड्युटी संपवून याल तेव्हा मी परीक्षेला गेलेली असेन. आज आधुनिक जगाचा इतिहास, म्हणजे गेल्या वर्षी माझा राहिलेला तोच पेपर. जेवण झाकून ठेवलंय, नुसतं गरम करून घ्या. छोटीला चार वाजता शाळेतून आणाल ना?

महिनाभर भांडी घासता घासता तुम्ही माझी उजळणी घेतलीत. "एका राजपुत्राला मारलं म्हणून सगळं जग कसं गं भांडायला उठलं?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी आपल्या काकांच्या मुलाच्या लग्नातली भांडाभांडी सांगितली. ह्याच्या बाजूने तो उठला, त्याच्या बाजूने आणखी दोघे. तुम्ही हसून हसून खाली बसलात, आणि तेव्हापासून राष्ट्रांचे गट माझे एकदाही चुकले नाहीत. माझ्या अभ्यासासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं, ताई.

तुमच्या भावाला मात्र माझ्यावरून काही बोलू नका. "या वयात कॉलेज कशाला?" म्हणून त्यांनी आठवडाभर अबोला धरलाय, तो असू दे. आज सकाळी बघते तर माझ्या सायकलचं पंक्चर काढलेलं, आणि तुम्हाला तर ते काढता येत नाही.