व्याकरणात दोन्ही बरोबर

आबा, तुमच्या पणतीनं काल जळगावच्या शाळेत विलायतेहून आलेल्या मोठ्या साहेबाचं इंग्रजीतून स्वागत केलं, आणि ते ऐकायला तुम्ही, माझे सासरे, नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं घडलं की मला आधी धुळ्याचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही शाळेत शिकवून यायचात, उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचात आणि पोरांनी लिहिलेलं इंग्रजी मोठ्यानं वाचायचात. मी दुसरी यत्ता शिकलेली सून, चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतेय, आणि तुम्ही विचारताय, “सूनबाई, कुठं अडखळलं?” सासूबाई साक्रीकडच्या, त्या फणकारतात, “तिले काय समजस इंग्रजी? भाकर करपी ऱ्हायनी, ते देखा!” तुमचं उत्तर ठरलेलं. “चूक की बरोबर ते मी बघतो. कानाला कसं लागतं, ते ती सांगेल.” त्या घरात मला कुणी काही विचारलं असेल, तर ते तुम्हीच.

हां, तर पणती. तिनं पुस्तकं चाळून वाक्य रचलेलं, इतकं लांब की तेवढ्यात माणूस चोपड्याला जाऊन येईल. दर वेळी एकाच जागी ठेच. शाळेतल्या बाईंनी बजावलेलं, उद्या सकाळीही अडखळलीस तर दुसरी मुलगी बोलेल. पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, “त्या साहेबाला सांगायचंय काय? मराठीत सांग.”

“तुम्ही आलात, आम्हाला फार आनंद झाला. एवढंच गं आजी.”

“मग एवढंच म्हण की इंग्रजीत!”

म्हणाली, वुई आर सो ग्लॅड यू केम. पाण्यासारखं वाहिलं बघा. लगेच शंका, “इतकं सोपं? चूकच असेल.” मी म्हटलं, “ते बाईंना विचार, ते माझं काम नव्हे.” सकाळी तिनं दोन्ही वाक्यं दाखवली. बाई म्हणाल्या, व्याकरणात दोन्ही बरोबर, पण इंग्रज माणूस बोलेल ते दुसरं, छोटं.

बोलली, आबा! खडखडीत बोलली. साहेब हसला, पुढे झुकून तिच्याशी पुष्कळ काही बोलला. शेजारच्या बायका मला कोपरानं ढोसतात, “काय म्हणतो हो?” मी मान डोलावून सांगितलं, “घरचं वळण चांगलं आहे, म्हणतो.”

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, फडताळातच राहील, म्हणून सांगून टाकते. साहेब काय म्हणाला, त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. वळणाचं मीच घातलं. तुमच्यासाठी.